वासाची ओळ

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात घालायला आलं किसत होते, तेवढ्यात फोन वाजला. ओल्या हातानंच उचलला. पलीकडे मामी होत्या. "गो, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि मग बराच वेळ नुसता त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला... काय झालं, कधी झालं, हे मी विचारलंसुद्धा नाही. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत, हे नंतर कळलं. चहा उकळून काळा झाला होता. गॅस बंद केला आणि गॅलरीत येऊन उभी राहिले. आमच्या गिरगावातल्या या गॅलरीच्या कोपऱ्यात एक मातीची कुंडी आहे. तिच्यात तेव्हा नुसती कोरडी माती होती. ती कुंडी परबमामांची. आज सहा-सात आठवड्यांनी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहायला बसले आहे, पण त्या कुंडीला वळसा घालून पुढे जाता येईल असं वाटत नाही.

रघुनाथ परब म्हणजे परळच्या आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाचे लॅब अटेंडंट. कॉलेजात शिपाईमंडळींना मामा म्हणायची पद्धत, म्हणून ते परबमामा आणि त्यांच्या पत्नी आमच्या मामी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अठराव्या वर्षी, विद्यार्थिनी म्हणून. पुढे त्याच विभागात शिकवायला लागले, तर ते एका दिवसात 'अगं'वरून 'अहो बाई'वर आले. मी त्यावरून भांडले. त्यांचं म्हणणं असं की पोरांसमोर तुम्हाला अगं म्हटलं तर पोरं तुमचं ऐकणार नाहीत, आणि पोरांनी ऐकलं नाही की फुटतात ती माझी काचेची भांडी. मामींनी मात्र आपलं 'गो' आजतागायत सोडलेलं नाही. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीत मी इतक्या वेळा जेवले आहे की प्राध्यापिका वगैरे म्हणवून घ्यायला मला त्या घरात लाजच वाटली असती.

आल्या-हळदीचा गण शिकवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. माझा तो लाडका गण. केळ, आलं, हळद, वेलदोडा, सोनटक्का, बागेतली कर्दळ, जिना चढल्यासारखं गोल फिरत वर जाणारं रानातलं पेव आणि बुकेवाल्यांकडची पक्ष्याच्या डोक्यासारखी दिसणारी नारिंगी फुलं... आठ कुळं, पण सगळी एकाच घरातली. या फुलांचा एक मोठा दोष म्हणजे ती टिकत नाहीत. सकाळचं फूल दुपारी लिबलिबीत होतं. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी परबमामा पहाटे नायगावहून चालत दादरच्या फूलबाजारात जायचे. फूलवाल्या बायका त्यांना ओळखायच्या. देवाला चालणार नाहीत अशी दुमडलेली सोनटक्क्याची फुलं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायच्या, आणि मामा ती ओल्या फडक्यात गुंडाळून तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून आणायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, पिशवीत का नाही आणत? तर म्हणाले, पिशवीत आणली तर मुलं फूल बघणार नाहीत, भाजी बघतील.

या गणाची गोष्ट सांगायची तर ती पुंकेसरांची गोष्ट आहे. केळीच्या फुलात परागकण देणारे पुंकेसर पाच. तिच्याच नात्यातल्या, बागेत पंख्यासारखी पानं पसरणाऱ्या ट्रॅव्हलर्स पाममध्ये सहा. मग आल्या-हळदीकडे यावं तर कामाचा पुंकेसर एकच उरलेला. आणि कर्दळीत तर त्या एकाचाही अर्धाच परागकोश जिवंत. बाकीचे गेले कुठे? ते गेले नाहीत, त्यांनी रूप बदललं. पसरट झाले, रंगीत झाले, पाकळ्यांसारखे दिसू लागले. कर्दळीचं जे लालभडक फूल आपण गणपतीला वाहतो, त्यातल्या खऱ्या पाकळ्या म्हणजे खालची ती हिरवट चिंचोळी पानं. ज्यावर आपला जीव जडतो ते सगळे वांझ पुंकेसर. फळ्यावर मी हे रंगीत खडूंनी काढायचे. एकदा मागच्या बाकाशी ट्रे पुसत उभे असलेले परबमामा म्हणाले, "म्हणजे बाई, हे आमच्या चाळीसारखं. गिरण्या चालू होत्या तेव्हा घरटी पाच कमावते. मग एक उरला आणि बाकीचे शर्टाला इस्त्री करून नाक्यावर उभे." वर्ग खो खो हसला. मीही हसले आणि पुढे ठोकून दिलं, की नाक्यावरचे नसतील तर भुंगा फुलाकडे ढुंकूनही बघणार नाही. मामांचे दोन धाकटे भाऊ त्या नाक्यावर उभे राहणाऱ्यांतले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तोवर मी तो विनोद स्वतःचा म्हणून दरवर्षी वर्गात सांगत होते.

केळफुलाचं प्रॅक्टिकल झालं की उरलेलं केळफूल मामांच्या घरी जायचं. एका रविवारी मी तिथे होते आणि मामी ते निवडत बसल्या होत्या. हाताला तेल लावून एकेक फूल उचलायचं, मधला टणक दांडा चिमटीनं ओढून काढायचा, बाजूचा पारदर्शक पापुद्रा काढायचा आणि उरलेलं फूल परातीत टाकायचं. तो दांडा म्हणजे फुलाची कुक्षीवृंत आणि तो पापुद्रा म्हणजे सहापैकी एकटी सुटी राहिलेली पाकळी. माझ्या विद्यार्थ्यांना चिमटा, सुई आणि भिंग देऊन जे पाऊण तासात जमायचं नाही, ते मामी गप्पा मारत, दारातल्या बाईशी बोलत, न बघता करत होत्या. मी तोंडात बोट घातलं. मामा कौतुकानं म्हणाले, हिला परीक्षेला बसवा बाई, हिचं डिसेक्शन बघा. मामी म्हणाल्या, हा दांडो ऱ्हवलो तर भाजी कडू होता, तुमच्यासारखे मार्क जात नाय.

पण परबमामांचं खरं राज्य होतं ते विभागाच्या वनस्पतिसंग्रहात. डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं ते लाकडी कपाट, वाळवून जाड कागदावर शिवलेल्या झाडांच्या थप्प्या आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लेबल. दाबाखालचे टिपकागद रोज बदलणं, बुरशी बघणं, लेबल लिहिणं, हे सगळं त्यांच्याकडे. वाळल्यावर झाडाचा आकार उरतो, शिरा उरतात, लव उरते. रंग जातो, आणि वास तर जातोच जातो. "जे उरणार नाही ते आधी लिहा," हे त्यांचं वाक्य विभागातल्या तीन पिढ्यांना पाठ आहे. आमच्या लेबलावर नाव, ठिकाण, तारीख सगळं इंग्रजीत. पण वासाची ओळ मामा मराठीत लिहायचे, कारण इंग्रजीत वासाला शब्दच नाहीत असं त्यांचं ठाम मत. 'ओल्या गोणपाटासारखा', 'कच्च्या फणसासारखा, पण दुरून', असं त्यांच्या सुरेख, सरळ अक्षरात. बाहेरून आलेले मोठमोठे तपासनीस त्या ओळी वाचून गालात हसायचे. खरं सांगते, मीही हसायचे. वास हे ओळखीचं लक्षण नव्हे, मोजता येत नाही ते शास्त्र नव्हे, असं मी त्यांना ठणकावून सांगत असे. ते वाद घालत नसत. पुढच्या लेबलावर पुन्हा वासाची ओळ लिहीत.

आता कुंडीकडे येते. मालवणाकडच्या त्यांच्या गावी घरामागच्या परड्यात त्यांच्या आईनं भुईचाफा लावला होता. भुईचाफा हा आल्याच्याच कुळातला. उन्हाळ्यात पान नाही, दांडा नाही, आणि एक दिवस नुसत्या मातीतून फूल वर येतं. पांढरं, खाली जांभळा ओठ. गावातला रस्ता रुंद झाला तेव्हा ते परडं गेलं आणि मामांनी भुईचाफ्याचा एक कंद जेवणाच्या डब्यात घालून मुंबईला आणला. चाळीच्या व्हरांड्यात ऊन नाही. अकरा वर्षं पावसात पानं यायची, दिवाळीनंतर मरायची, फूल नाहीच. मामांचं म्हणणं असं की हा बाजारातल्या भुईचाफ्यासारखा नाही, याला वेगळा वास आहे. कसला? पेजेवर चिमूटभर कापूर पडला तर कसा येईल तसला. नर्सरीतलं फूल त्यांनी मला दोनदा आणून दाखवलं होतं, आणि हा तो वास नव्हे, असं दोन्ही वेळा सांगितलं होतं. मी म्हणायचे, मामा, लहानपणच्या सगळ्याच वासांत पेज असते. माझ्या मते तो साधा भुईचाफा होता, जात तीच. त्यांच्या मते आईच्या परड्यातलं ते काहीतरी निराळं होतं. आमच्या दोघांच्या निवृत्तीनंतरही हे भांडण चालू होतं. फूल आलं की काय तो निकाल, असं ठरलं होतं.

नव्या इमारतींसाठी चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा परब कुटुंब शिवडीच्या बाजूला भाड्याच्या खोलीत गेलं. तिथे तर खिडकीसमोर भिंतच. मामा कुंडी घेऊन माझ्याकडे आले. माझ्या गॅलरीला सकाळचं ऊन येतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी ती स्वतः चढवली, मला हात लावू दिला नाही. म्हणाले, तुमच्याकडे राहू दे, नवीन घर मिळालं की नेतो.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास एका सकाळी त्या कुंडीतली माती जराशी उचलली गेलेली दिसली. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला फूल उघडलेलं होतं. एकच. इतक्या वर्षांत रोड झालेल्या त्या कंदात एकापुरतंच बळ असावं. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला... हे मला नीट सांगायला हवं. मनाशी मी असं म्हटलं की दुपारपर्यंत हे कोमेजणार, मामांना यायला वेळ लागेल, ताज्या फुलाची चिरफाड आत्ताच व्हायला हवी. ते सगळं खरं होतं, आणि ते कारण नव्हतं. शिवडीहून गिरगाव म्हणजे कितीसं लांब? खरं कारण असं की मामा आले असते तर त्यांनी फूल कापू दिलं नसतं. नुसते समोर बसून राहिले असते. आणि मला निकाल हवा होता, माझ्या बाजूचा.

भुईचाफ्याचं अंडाशय मातीच्या आत असतं. वर दिसतं ते फूल, त्याची नळी खाली खोल जाऊन कंदाला टेकलेली. पूर्ण फूल हवं तर खणावंच लागतं, आणि नमुना पूर्ण व्हायचा तर कंदही हवा, असं मीच जन्मभर शिकवलं. मी खणलं. फूल नळीसकट काढलं, कंदाचा अर्धा भाग कापला, उरलेला परत पुरला. मग टेबलाशी बसून भिंगाखाली एकेक भाग सुटा केला. आल्याच्या कुळात कुक्षीवृंत इतकी नाजूक असते की एकटी उभी राहू शकत नाही; एकुलत्या एका पुंकेसराच्या दोन परागकोशांमधल्या खाचेतून ती वर येते, त्याच्या आधारानं. ती मी सुईनं त्या खाचेतून सोडवली. मोजमापं घेतली, चित्र काढलं. सगळं पुस्तकातल्यासारखं, साध्या भुईचाफ्याचं. फुलाचे भाग स्पिरिटच्या बाटलीत टाकले, कंद दाबात ठेवला. मग साडेअकराला मामांना फोन केला.

ते भरदुपारी आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खिशात छापील लेबलांची जुनी गड्डी. निवृत्तीनंतरही त्यांनी ती जपून ठेवली होती. बाटलीत फूल पांढुरकं होऊन तळाशी बसलं होतं. मामांनी बाटली उजेडात धरली, हलवली नाही. मला वाटलं रागावतील, आणि रागावले असते तर किती बरं झालं असतं. ते टेबलाशी बसले, पेन काढलं, मी सांगत गेले तसं लेबल लिहीत गेले. नाव, ठिकाण, रंग. मग पेन थांबलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "वास कसो होतो?"

कॉलेजात ते माझ्याशी कधीच मालवणीत बोलले नव्हते.

मी वास घेतलाच नव्हता. चार तास ते फूल माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या परागकोशाची लांबी मला आजही सांगता येईल. वास मला ठाऊक नव्हता. आणि त्या वेळी, एवढ्या वर्षांच्या मास्तरकीला जागून, मी म्हणाले, "नेहमीसारखाच हो, मामा. साधाच."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं, 'वास नेहमीच्या भुईचाफ्यासारखा.' चहा न घेता गेले. जाताना कुंडीकडे पाहिलंही नाही. पुढे वर्षभर भेटलो, फोनवर बोललो, तब्येतीच्या चौकश्या केल्या. पावसात कुंडीत दोन खुरटी पानं आली तेही मी त्यांना कळवलं. भुईचाफ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मला वाटलं, विसरले.

तेराव्याला शिवडीला गेले होते. माणसं पांगल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, तुझ्याकडे फूल आलं त्या दिवशी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाले, बाई म्हणतात साधाच वास होता. म्हणजे मी इतकी वर्षं धरून बसलो होतो तो वास माझ्या डोक्यातलाच असणार. "माका म्हणाले," मामी सांगत होत्या, "आयशीचा घर गेला, परडा गेला, आणि आता जा आठवता ताय खरा नाय."

मी ताटातल्या वड्याकडे बघत राहिले. सांगायला तोंड उघडलं, पण पलीकडून कुणीतरी निघायची घाई केली आणि मी ती संधी साधून उठले. अशी संधी साधायला मी नेहमीच हुशार.

संग्रहात एक रीत आहे. लेबलावरची चूक कधी खोडायची नाही, त्यावर गिरवायचं नाही. चूक करणाऱ्याचंही अक्षर तसंच राहू द्यायचं. दुरुस्ती करायची ती वेगळ्या चिठ्ठीवर, खाली स्वतःचं नाव आणि तारीख घालून, आणि ती चिठ्ठी जुन्या लेबलाशेजारी डकवायची. पाडव्यानंतर कॉलेजात जाऊन मी ते कपाट उघडलं. गेल्या वर्षी मीच संग्रहात दिलेल्या त्या कागदावर अर्धा कंद शिवलेला होता. कोपऱ्यात मामांचं अक्षर आणि त्या अक्षरात माझं खोटं. शेजारी चिठ्ठी डकवली. त्यावर लिहिलं, 'वास घेतला नव्हता. लेबल लिहिणाऱ्याला खोटं सांगितलं.' खाली नाव, तारीख. डिंक वाळेपर्यंत बोट दाबून उभी राहिले. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

तिथून निघाले ती थेट शिवडीला. हा लेख छापून आल्यावर मामींनी तो वाचण्यापेक्षा मी समोर बसून सांगणं बरं, एवढी अक्कल या वेळी आली. मामी कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. फोन हातात घेऊन खाली ठेवला होता, तेही. त्यांनी मध्येच एकदा विचारलं, म्हणजे वास तुलाही माहीत नाही? मी मान हलवली. त्या कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला लावत राहिल्या. मामींना, त्या घरच्या सुनेला, तो वास माहीत आहे, लग्नानंतरचे पहिले उन्हाळे तिनं त्या परड्यात काढले आहेत, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. निकाल मला हवा होता ना? तो तर घरातच बसला होता.

"तेंका सांगूक व्हया होता," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, आवाजही चढला नाही. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "फूल इला तर आदी माका फोन कर. तोपर्यंत हात लावू नको."

आता रोज सकाळी मी पाट घेऊन त्या कुंडीपुढे बसते. अर्धा कंद मी कापला. राहिलेल्या अर्ध्यात यंदा फुलण्याइतका जीव आहे की नाही, ठाऊक नाही. मेला असला तरी वरून सारखंच दिसणार. थोडी माती बाजूला करून पाहिलं तर मिनिटात कळेल, आणि माझा हात तिकडे जातो, जन्माची खोड. मग मी तो हात मांडीखाली घालून बसते. फोन शेजारी कठड्यावर असतो. वाकून नाक मातीजवळ नेते. कोरड्या मातीचा वास येतो, दुसरा काही नाही.